दारूबंदीच्या कायद्याने चाललेली दारूविक्री

महाराष्ट्रात परवाना नसताना दारू पिणे हा गुन्हा आहे. विकत घेणे, पिशवीत घालून घरी आणणे, फ्रिजमध्ये ठेवणे हेही गुन्हेच. हा लेख वाचणाऱ्यांपैकी जे अधूनमधून घेतात त्यांनी आपला परवाना शेवटचा कधी पाहिला ते जरा आठवून बघावे. बहुतेकांनी तो जन्मात पाहिलेला नसतो, आणि तरी गेल्या शनिवारी त्यांना बाटली बिनबोभाट मिळालेली असते.

परवाना ही काही अवघड गोष्ट नाही. विदेशी मद्याचा एका दिवसाचा ५ रुपयांना, देशीचा २ रुपयांना, वर्षाचा १०० रुपयांना आणि आजन्म हवा असेल तर १००० रुपयांना मिळतो. बिअर आणि वाइनसाठी वय २१, त्याहून कडक काही हवे असेल तर २५. म्हणजे अठराव्या वर्षी मतदान करावे, एकविसाव्या वर्षी बोहल्यावर चढावे, पण व्हिस्कीचा पहिला कायदेशीर घोट आणि विधानसभेची उमेदवारी या दोन्ही गोष्टींसाठी सारखेच थांबावे, असा आपल्या राज्याचा हिशेब आहे.

कोणत्याही वाइन शॉपसमोर शनिवारी संध्याकाळी पाच मिनिटे उभे राहा. लोखंडी जाळीला एक चौकोनी भोक, त्यातून आत गेलेले चार-पाच हात, प्रत्येक हातात नोटा किंवा क्यूआर कोडकडे रोखलेला फोन. ‘दोन क्वार्टर’, ‘एक खंबा’, ‘थंडी आहे का?’ एवढीच भाषा. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली जाते, काळ्या पिशवीत जाते आणि माणूस मान खाली घालून चालू लागतो. परवाना दाखवा असे कोणी म्हणत नाही. म्हटलेच तर मागची रांग खवळेल. कागदोपत्री मात्र ती प्रत्येक बाटली परवानाधारकालाच विकलेली असते. दुकानदाराला हे माहीत, एक्साइजवाल्यांना माहीत, मंत्र्यांना माहीत. गिऱ्हाईक तेवढे अंधारात.

मग बिघडले कुठे, असे कोणी विचारेल. कायदा कागदावर, दुकाने रस्त्यावर, सगळे सुखात. माझे म्हणणे असे की बिघडते ते इथेच. हा कायदा मेलेला नाही, तो झोपलेला आहे, आणि त्याला कधी उठवायचे हे एखाद्या साहेबाच्या मर्जीवर आहे. २०१२ साली मुंबईत वसंत ढोबळे या पोलीस अधिकाऱ्याच्या छाप्यांनी बार आणि पार्ट्या हादरल्या, तेव्हा अर्ध्या शहराला पहिल्यांदा कळले की परवाना नावाचे काही असते. बाकीच्या वर्षांत तोच कायदा फार्महाऊसवरच्या वाढदिवसाला, टोलनाक्यावर डिकी उघडायला लावताना, सोसायटीच्या गच्चीवरच्या मंडळींना दम देताना कामाला येतो. ज्याच्याकडे ओळख किंवा पैसे आहेत त्याचे ‘मिटते’.

ज्याच्याकडे नाहीत त्याचे काय होते, ते जिल्हा पानावरच्या चार ओळींच्या बातमीत रोज छापून येते. गावठी दारूच्या अड्ड्यावर छापा, प्लॅस्टिकच्या कॅनमधली काही लिटर हातभट्टी, काही हजारांचा मुद्देमाल, एक महिला ताब्यात, कलम ६५ (ई) प्रमाणे गुन्हा दाखल. नाव, वय, वस्तीचा पत्ता सगळे छापलेले. वाइन शॉपमधून परवान्याशिवाय बाटली नेणारे आपण आणि ती बाई एकाच कायद्याचे आरोपी आहोत, पण बातमी तिची होते.

हा कायदा आला तेव्हा प्रामाणिक होता. राज्यघटनेच्या ४७व्या कलमात नशाबंदीसाठी प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य म्हणून लिहिले गेले. मुंबई राज्यात बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९चा मुंबई दारूबंदी अधिनियम झाला, आणि १९५० पासून सरसकट बंदी आली. त्यांना खरेच दारू नको होती. इतकी नको होती की मादक पदार्थाची नुसती वाखाणणी करणेही त्यांनी गुन्हा ठरवले होते. एफ. एन. बलसारा नावाच्या एका मुंबईकराने कोर्टात धाव घेतली. त्याला आपली व्हिस्की, ब्रँडी, औषधी वाइन आणि ओ-द-कोलोन बाळगायचे होते. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीचा गाभा वैध ठरवला, पण औषधे, अत्तरे आणि दारूची स्तुती एवढे गुन्ह्यांतून सोडवले. कौतुक करायला मोकळीक, प्यायला नाही, अशी ती तडजोड झाली.

त्याच काळातला पेसिकाकांचा खटला तर आजही वाचण्यासारखा आहे. हे गृहस्थ मुंबईचे हंगामी प्रादेशिक परिवहन अधिकारी, म्हणजे आरटीओच. १९५१ साली रात्री त्यांच्या जीपची धडक तिघांना बसली आणि तोंडाला दारूचा वास आला. साहेबांचा बचाव असा की, आपण बी. जी. फॉस हे टॉनिक घेतले होते, त्यात अल्कोहोल असते. बेदरकारपणे गाडी चालवल्याच्या आरोपातून ते सुटले, दारूबंदीच्या कलमात अडकले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये तीही शिक्षा रद्द केली. तोंडाला वास आला म्हणजे निषिद्ध दारूच प्यायली हे सरकारने सिद्ध करावे, आरोपीने नव्हे, असा निवाडा झाला. माझ्या लेखी या प्रकरणात दारूबंदीचे सगळे पुढचे भविष्य आहे. तीन माणसांना गाडी धडकली हा मूळ प्रश्न. कोर्टांची वर्षे गेली ती टॉनिक की ब्रँडी यात.

तेव्हाच्या मुंबईत डॉक्टरकडून ‘प्रकृतीसाठी आवश्यक’ असा दाखला आणला की परवाना मिळायचा. ज्यांना डॉक्टर परवडत नव्हता ते गल्लीबोळांत हातभट्टी विकणाऱ्या ‘आंटी’कडे जात. काळा गूळ, नवसागर, खाडीकाठची भट्टी, आणि माल सायकलच्या ट्यूबमधून शहरात. वरदराजन मुदलियारसारख्यांचे साम्राज्य उभे राहिले ते या धंद्यावर. बंदी सैल होत होत सत्तरच्या दशकात परवाना जवळपास कोणालाही मिळू लागला. ‘परमिट रूम’ हा आपल्या रस्त्यांवरचा बोर्ड त्याच सोयीचे अपत्य. पण कायदा मात्र कोणी रद्द केला नाही. बंदी तशीच ठेवून तिला खिडकी पाडली, आणि पुढची पन्नास वर्षे त्या खिडकीतून तिजोरी भरली.

किती भरली? राज्य उत्पादन शुल्क विभागाचा महसूल २०२४-२५ मध्ये सुमारे २५,००० कोटी रुपयांच्या घरात होता. जून २०२५ मध्ये सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचा, म्हणजे इथेच बनणाऱ्या व्हिस्की-रमवरचा, कर निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केला, धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या वर्गाला वाट करून दिली, आणि वर्षाला आणखी १४,००० कोटी मिळतील असा अंदाज मांडला. दारूबंदी कायद्याच्या अधिकारात इतका पैसा गोळा करणारे राज्य जगात दुसरे शोधावे लागेल. कर लावण्याला माझा आक्षेप नाही, उलट महाग दारू कमी प्यायली जाते हे खरे आहे. आक्षेप एवढाच की विक्रेता दुकानाच्या गल्ल्यावर बसून नशाबंदीचे कीर्तन करतो.

ड्राय डे घ्या. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी, अनंत चतुर्दशी, आणि वर जिल्हाधिकारी कलम १४२ खाली जाहीर करतील ते. गांधीजींच्या जयंतीला कोणी पिऊ नये अशी भावना असेल तर ती मी समजू शकतो. पण १ ऑक्टोबरच्या संध्याकाळी दुकानासमोरची रांग बघा. एरवी एक क्वार्टर नेणारा त्या दिवशी हाफ नेतो, कारण ‘उद्या बंद आहे’. ज्याच्या घरी फ्रिज आणि कपाट आहे त्याला ड्राय डे कळतही नाही. रोजच्या मजुरीतून रोज एक पव्वा घेणाऱ्या हमालाला मात्र कळतो, आणि तो वस्तीतल्या त्या खोलीकडे वळतो जिथे पव्वा दीडपट भावाने ब्लॅकने मिळतो, किंवा त्याहून वाईट काही मिळते. मतदान संपेपर्यंतच्या ४८ तासांची बंदी केंद्राच्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातली आहे आणि तिला निदान कारण तरी आहे. अर्थात उमेदवाराचा माल त्याच्या आधीच वाडीवस्तीवर पोचलेला असतो, हे निवडणुकीत काम केलेल्या कोणालाही विचारा.

‘त्याहून वाईट काही’ म्हणजे काय, हे मुंबईने या शतकात दोनदा पाहिले. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत. मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली. कारण दोन्हीकडे मिथेनॉल, कारखान्यात वापरायचे स्वस्त रसायन. वास आणि चव दारूसारखी, पण शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते, आधी डोळे जातात, मग जीव. मुंबईत सरकारमान्य दुकाने तेव्हाही होती. पण वस्तीतली बेकायदा दारू आणखी स्वस्त होती आणि ती दारात मिळत होती. शेजारच्या गुजरातने हाच १९४९चा कायदा १९६० मध्ये मुंबई राज्याचे विभाजन झाल्यावरही चालू ठेवला, २०११ मध्ये त्याचे नाव बदलले, आणि बंदी खरीखुरी चालवली. तिथेही २००९ मध्ये अहमदाबादेत आणि २०२२ मध्ये बोटादमध्ये माणसे मिथेनॉलनेच मेली. दोन राज्ये, एकच कायदा, एक सैल एक कडक, मरणारे दोन्हीकडे तेच. त्याच गुजरातने २०२३ च्या अखेरीस गिफ्ट सिटी या गांधीनगरजवळच्या वित्तीय केंद्रातल्या कंपन्यांच्या साहेबांना आणि पाहुण्यांना ‘वाइन अँड डाइन’ची सूट दिली. बोटादच्या मजुराला ती लागू नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मला हलकी वाटत नाही. गडचिरोलीत काम करणारे डॉ. अभय बंग गेली कित्येक वर्षे सांगत आले आहेत की दारू जितकी सहज मिळेल तितकी जास्त प्यायली जाते, आणि गडचिरोलीतली १९९३ पासूनची बंदी ही लोकांनी मागून घेतलेली आहे. त्यांचे पहिले विधान बरोबर आहे. सार्वजनिक आरोग्याचा सगळा अनुभव तेच सांगतो. म्हणूनच ‘सगळे खुले करा, बाजार बघून घेईल’ असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा नाही. दारूवर मर्यादा हव्यात. प्रश्न आहे कोणत्या.

चंद्रपूरकडे बघा. श्रमिक एल्गार या संघटनेच्या पारोमिता गोस्वामींसोबत हजारो बायका नागपूरच्या अधिवेशनापर्यंत चालत गेल्या. त्यांचे म्हणणे साधे होते: नवऱ्याचा पगार घरी येत नाही आणि रात्री मार मिळतो. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी झाली. शेजारी यवतमाळ आणि नागपूर ओले, आणि दक्षिणेला तेलंगणही. बंदी म्हणजे मग वाहतुकीचा धंदा झाला. २०१८ मध्ये नागभीड भागात दारूची गाडी अडवायला गेलेल्या पोलीस उपनिरीक्षकाच्या अंगावर तस्करांनी गाडी घातली आणि त्यांचा जीव गेला. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने बंदी उठवली. कारण सांगितले बेकायदा दारू आणि बुडालेला महसूल. बंदी लादताना ज्या बायकांचे दाखले दिले, बंदी उठवताना त्यांचे मतदान कोणी घेतले नाही. मला दोन्ही निर्णयांपेक्षा हे जास्त खुपते.

कारण त्या बायकांना विचारण्याची सोय आपल्याकडे आहे, आणि माझ्या मते या सगळ्या जुनाट कायद्यात जपण्यासारखी तीच एक गोष्ट आहे. उभी बाटली, आडवी बाटली. गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के बायकांनी अर्ज केला की गुप्त मतदान घ्यायचे. मतपत्रिकेवर दोन बाटल्यांची चित्रे, उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. अक्षरओळख नसलेली आजीही शिक्का मारू शकते. पण त्यात मेख आहे. दुकान बंद व्हायला हजर बायकांची निम्मी मते पुरत नाहीत, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त लागतात. मतदान नेमके सुगीच्या दिवसांत पडते, मजुरीला बाहेरगावी गेलेल्या, लग्न होऊन सासरी गेलेल्या पण यादीत राहिलेल्या, मयत झालेल्या, सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. हीच अट आमदारांना लावली तर विधानभवनात किती जण उरतील?

म्हणजे जिथे कायदा खरेच लोकांच्या हातात आहे तिथे उंबरठा उंच केलेला, आणि जिथे तो शोभेचा आहे तिथे सगळीकडे पाट्या. ५०० मीटरचे तसेच झाले. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको म्हणून निकाल दिला, हेतू अपघात कमी करण्याचा. राज्यांनी काय केले? शहरांतून जाणारे रस्ते महामार्गांच्या यादीतून काढून पालिकांच्या गळ्यात मारायला सुरुवात केली. काही बारमालकांनी दार मागच्या बाजूला नेले आणि आवारातून वळसे घालून अंतर भरून दाखवले. पुढे न्यायालयानेच शहरी हद्दीपुरती सवलत दिली. त्या काळात श्वास तपासणारी यंत्रे किती वाढली, रात्रीची नाकाबंदी किती वाढली, याची चर्चा कोणी केली नाही. पेसिकाकांच्या जीपपासून आपण फार पुढे आलेलो नाही.

दुकानांच्या परवान्यांची गोष्ट याहून खमंग आहे. वाइन शॉपचे नवे परवाने देणे सरकारने सत्तरच्या दशकात थांबवले. राज्यभरात ती संख्या सतराशेच्या आसपास गोठलेली आहे. ऐकायला संयम वाटतो. प्रत्यक्षात लोकसंख्या दुपटीहून वाढली, दुकाने तेवढीच, त्यामुळे जुन्या परवान्याला सोन्याचा भाव. तो भागीदारी बदलून हस्तांतरित होतो, एका जिल्ह्यातून उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेला जातो, आणि त्याची किंमत कोटींत बोलली जाते. या गोठवणुकीने दारू पिणे कमी झाले नाही, कारण मधल्या काळात परमिट रूम आणि बिअर शॉपी हव्या तेवढ्या उघडल्या. २०२५ मध्ये ३२८ नव्या दुकानांचा प्रस्ताव पुढे आला, तोही मद्यनिर्मिती कंपन्यांना वाटण्याचा, आणि गदारोळ झाला. गदारोळ रास्त होता, पण त्यात नीतीच्या नावाने ओरडणाऱ्यांत जुने परवानेवालेही मिसळले असतील हे विसरून चालणार नाही.

जानेवारी २०२२ चा सुपरमार्केटमधल्या वाइनचा तमाशा आठवतो? हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या दुकानात एका कपाटात वाइन ठेवू द्यायची, एवढाच तो निर्णय. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराचे भले होईल, असे सरकार म्हणाले. वाइन म्हणजे दारू नव्हे, असे सत्ताधारी बाजूचे संजय राऊत म्हणाले. महाराष्ट्राचे मद्यराष्ट्र होईल, असे विरोधक म्हणाले. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय बासनात गेला, सरकारे बदलली, बाजू बदलल्या. त्या सगळ्या कल्लोळात १० ते १४ टक्के अल्कोहोलची वाइन आणि ४२ टक्क्यांची व्हिस्की यांना कायद्याने वेगळे वागवावे का, हा सरळ प्रश्न कोणी विचारला नाही. वाइन म्हणजे दारूच. पण सौम्य दारू स्वस्त आणि सोपी, कडक दारू महाग आणि अवघड, असे धोरण असू शकते. आपल्याकडे उलटे आहे, क्वार्टर खिशात मावते आणि तेवढ्याच पैशांत चढते जास्त.

आणि निकड आली की हाच कायदा कसा वाकतो, ते मे २०२० मध्ये दिसले. टाळेबंदीत दुकाने उघडताच मुंबईत अशा रांगा लागल्या की दुसऱ्याच दिवशी बंद करावी लागली. दोन आठवड्यांच्या आत घरपोच दारूचा आदेश निघाला, परवाना ऑनलाइन. सत्तर वर्षे जे अशक्य होते ते तिजोरी रिकामी होताच जमले.

तेव्हा माझी मागणी अशी. पिणाऱ्याचा परवाना रद्द करा आणि त्याबरोबर परवान्याशिवाय पिणे, बाळगणे हे गुन्हेही. निवडणुकीचे सोडून बाकी ड्राय डे काढून टाका. एक्साइजचे जे मनुष्यबळ यातून सुटेल ते मिथेनॉलच्या मागावर लावा, टँकर निघतो तिथपासून. वय सगळ्या मद्यांना २१ ठेवा आणि ते दुकानात खरेच तपासा, दंड दुकानदाराला. कर अल्कोहोलच्या प्रमाणावर लावा. नव्या दुकानांचे परवाने द्यायचे तर कंपन्यांना वाटू नका, ठरावीक मुदतीचे द्या, जाहीर लिलावाने, आणि मुदत संपली की परत घ्या. आडवी बाटली करायला प्रत्यक्ष झालेल्या मतदानाचे बहुमत पुरेसे माना, आणि शहरांतल्या प्रभागांतही ते मतदान नियमित वेळी घ्या, अर्जाची वाट न बघता. गडचिरोलीने बंदी ठेवायची तर गडचिरोलीच्या बायकांनी मतदान करून ठेवावी, मंत्रिमंडळाने नव्हे.

याला विरोध कुठून येईल? व्यसनमुक्तीवाल्यांशी बोलता येईल, त्यांना निदान मतदानाचे हत्यार धारदार मिळते आहे. पिणाऱ्याला तर फरकच कळणार नाही. अडतील ते जुन्या परवान्यांचे मालक, ज्यांची पन्नास वर्षांची मक्तेदारी जाईल, आणि डिकी उघडायला लावणारे हात. अधिवेशनात ‘संस्कृती’ हा शब्द सगळ्यात मोठ्याने कोण उच्चारतो ते तेव्हा नीट बघा, आणि मग त्याच्या मतदारसंघातली वाइन शॉप कोणाच्या नावावर आहेत त्याचीही यादी काढा.